जे मेले नाहीत त्या लालासाहेबांना

रोमानियन कादंबऱ्या मराठीत आणणारी बाई अख्ख्या सांगलीत मी एकटीच असेन, आणि त्या शेवटपर्यंत वाचणारे बहुधा दोघंच: माझे प्रकाशक आणि त्यांच्याकडे मुद्रितं तपासणारे गृहस्थ. माझ्या नवऱ्याला कंपनीनं काही वर्षं पितेश्ती नावाच्या शहरात मोटारींच्या कारखान्यावर पाठवलं होतं. तिथं आमच्या जिन्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांशी गप्पा मारता मारता मी ती भाषा शिकले. परत आल्यावर विश्रामबागेतल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत शिकवत दोन कादंबऱ्या केल्या. एकीत पावासाठी रांगा होत्या आणि शेजाऱ्याच्या चुगल्या सरकारला कळवणारा शेजारी होता. दुसरीत स्पेनला स्ट्रॉबेरी खुडायला गेलेली आई होती आणि गावात आजीपाशी राहिलेली पोरं होती.

"एवढ्या लांबचं कशाला हो?" असं लोक विचारतात. पूर्वी मी भांडायचे, आता चहा विचारते. मी म्हसवडच्या धनगराघरची. आमची आईबापं मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरली की आम्ही पोरं आजीच्या पदराला. ती स्ट्रॉबेरीवाल्या बाईची पोरं मला लांबची वाटलीच नाहीत, यात माझा काय दोष?

कामाची माझी एक रीत आहे. मी पुस्तक आधी वाचून काढत नाही. पान उलटायचं, वाचायचं, मराठी करायचं, मग पुढचं पान. प्रकाशक डोक्याला हात लावतात. पण पुढं काय होणार हे ठाऊक असलं की माझं मराठी आधीच सुतकी चेहरा करून बसतं. म्हणून ही रीत मी कधी मोडली नाही, आणि त्या गुरुवारी तीच माझ्या अंगाशी आली.

दार वाजलं. बाहेर पांढऱ्याशुभ्र मिशांचे, ताठ पाठीचे एक म्हातारे गृहस्थ. एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक, दुसऱ्या हातात हिरवी मिल्ट्रीची पाण्याची बाटली.

"अपेक्षा कोळेकर म्याडम?"

"मीच."

"मी सुभेदार लालासाहेब मोहिते. रिटायर्ड. साताऱ्यास्नं आलोय, येष्टीनं. तुमचं पेपरात आलं हुतं, तुमी रोमानियाचं वाचता म्हनून." त्यांनी पुस्तक पुढं केलं. "ह्यात माज्याबद्दल काय लिव्हलंय तेवढं सांगा."

मला आधी वाटलं, डोक्यावर परिणाम झालेला असावा. पण मी पुस्तक उघडलं आणि अर्पणपत्रिका पाहून उभी होते ती खाली बसले. रोमानियन लिपीत, म्हणजे आपल्या एबीसीडीतच, स्वच्छ छापलं होतं: 'जे मेले नाहीत त्या लालासाहेबांना.'

"नाव तेवढं वाचता आलं मला," ते म्हणाले. "बाकीचं काय हाय?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. आवडलं की नाही ते कळलं नाही.

कादंबरीचं नाव होतं 'बादली'. लिहिणारी इलिंका, यांची सून. यांचा मुलगा वीरधवल साताऱ्याच्या एमआयडीसीतून रोमानियातल्या क्रायोवा शहरात नोकरीला गेला, तिथं त्यानं इलिंकाशी लग्न केलं आणि तिथलाच झाला. बापाशी तो सात वर्षं बोललेला नव्हता. आईला दिवाळीला फोन करायचा, बापाचं नाव निघालं की ठेवायचा. आणि आता कुरियरनं हे पुस्तक आलेलं. वर पत्ता वीरधवलच्या अक्षरात, आत चिठ्ठी नाही, काही नाही.

"म्हंजी आता बगा म्याडम, ही शिवी हाय का हाक हाय ते मला कळंना. शिवी असंल तर शिवी म्हनून सांगा. मी फोन करनार न्हाई, मरंस्तवर. हाक असंल तर... तर बगू. पर वाचून सांगा. समदं. गाळू नका."

मी पाण्याचं तांब्याभांडं ठेवलं होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. तहान लागली तशी स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. मी काय समजायचं ते समजले आणि भांडं उचलून आत ठेवलं.

"भांडण कशावरून झालं?" मी विचारलं. माझा आवाज जरा कोरडाच होता.

"कावळ्यावरनं," ते म्हणाले.

सात वर्षांपूर्वी ते गोडोलीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर पेपर वाचत बसले होते. एक कावळा आला आणि थेट डोक्यावर बसला. त्यांनी हाकलला, पण बायकोनं, साळूबाईंनी, पाहिलं आणि हातातलं सूप तिथंच टाकून दिलं. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरणाचा सांगावा. त्याला उतारा असा की त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या नात्यागोत्यात धाडायची. माणसं मनापासून रडली की मरण फिटलं, माणूस वाचला. मग दिवस मावळायच्या आत खरं कळवायचं. माणसं शिव्या घालत, हसत घरी येतात आणि गोडाचं जेवण होतं. माझ्या आजोबांसाठी मी लहानपणी अशीच धाय मोकलून रडले आहे आणि नंतर दोनदा शिरा मागून घेतला आहे.

"तुमचा विश्वास होता?"

"आवं म्याडम, फौजेत उभं आयुष्य गेलं. कावळ्याला कोन भितंय? पर मंडळी रडाय लागली. म्हनलं, कर बाई तुला काय करायचं ते. तिचा भाऊ तात्याबा, त्येनं फोन लावलं. समदी रडली. आमच्या वीरूलाबी लावला. 'आबा गेलं,' म्हनला. दुपारी खरं सांगाय परत लावला तर फोन बंद."

"मग सुनेला लावायचा."

ते माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. "नंबर न्हवता. लगीन झालं तवा वीरूनं सांगितला हुता. मी लिवून घेतला न्हाई. परक्या देशाची, परक्या धर्माची. म्हनलं, मला काय करायचाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकापाशी टॅक्सी थांबली. वीरधवल उतरला. डोकं तुळतुळीत भादरलेलं. आणि समोर अंगणात, खुर्चीवर, बाप चहा पीत बसलेला.

"मग?"

"मग काय. गेला. त्याच टॅक्सीनं. घोटभर पानीबी न पिता."

मी त्यांना म्हटलं, दर गुरुवारी मला सुट्टी असते, या. वाचायचं कबूल केलं ते दयेनं नव्हे. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता, पाण्याच्या भांड्यावरून, आणि सुनेच्या नंबरावरूनही. पण असं पुस्तक समोर आल्यावर ते सोडून देणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. इलिंकाला मी त्याच दिवशी मेल केली, 'तुझी कादंबरी मराठीत करू का?' सुभेदारांनी बजावलं होतं, म्हणून ते येऊन गेल्याचं लिहिलं नाही. तिचं उत्तर लगेच आलं. हो म्हणाली, अडलं तर विचारा म्हणून फोन नंबर दिला, आणि शेवटी एक ओळ होती: 'माझ्या नवऱ्यानं ही अजून वाचलेली नाही. एक प्रत त्यानं स्वतः पॅक करून भारतात पाठवली आणि मला सांगितलंही नाही, कुरियरच्या पावतीवरून कळलं.'

पहिल्या बैठकीला मी इलिंकाची पहिली तीन प्रकरणं मराठी करत वाचली. कादंबरीत सांगणारी बायकोच आहे. सकाळचा फोन येतो. नवरा फोन खाली ठेवतो आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून म्हणतो, माझे केस काढ. ती म्हणते, तिथं गेल्यावर नाही का काढता येणार? तो म्हणतो, 'तोवर त्यांना अग्नी दिलेला असेल. मी मुलगा आहे. मी उशिरा पोचतोय, निदान तयार होऊन तरी पोचू दे.' ती दाढीच्या मशीननं त्याचे केस काढते. मशीन निसटतं आणि त्याच्या कानामागं कापतं.

"सुनंनं काढलं केस?" सुभेदार मध्येच म्हणाले. "मला वाटलं, इमानतळावर न्हाव्याकडं बसला असंल."

मी पुढं वाचू लागले, पण ते ऐकत नव्हते. स्वतःच्या कानामागं बोट फिरवत बसले होते.

त्या देशातल्या आजच्या कादंबऱ्यांचं मला एक नेहमी जाणवतं. त्यांच्याकडं एक पिढी अशी गेली की घरातसुद्धा हळू बोलायचं. त्यामुळे आताचे लेखक घरातली माणसं उचलतात आणि सरळ पानावर आणून बसवतात: आईचा संशय, बापाची भीती, सगळं नावानिशी. वाचताना मी खूश असते, कारण माणसं खरी वाटतात. पण पानावर बसवलेल्या माणसाला उठून काही बोलायची सोय नसते, हा विचार माझ्या डोक्यात पूर्वी कधी आला नव्हता. आता असा एक माणूस माझ्या सोफ्यावर, गुडघ्यावर हात ठेवून, आपल्यावर काय निकाल लागतोय ते ऐकत बसला होता.

दुसऱ्या गुरुवारी फाटकाचा प्रसंग आला. मी वाचू लागले आणि डोळे पुढच्या ओळीवर गेल्याबरोबर माझी जीभ अडखळली. तिथं लिहिलं होतं: 'म्हाताऱ्यानं त्याला पाहिलं आणि तो हसला. आधी दात दिसले, मग आवाज आला. कुंपणावरून शेजारचे दोघं हसले. सगळ्या प्रवासात माझा नवरा बापाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होता आणि त्याला तो आठवत नव्हता. आता मिळाला तो हा. पुढं कधीही त्यानं बाप आठवला की हेच दात दिसायचे.'

आणि मी, गाळू नका म्हणून बजावलेली मी, चक्क गाळलं. 'म्हाताऱ्यानं त्याला पाहिलं' यावरून उडी मारून 'माझा नवरा मागं वळला' यावर आले.

"मधलं ऱ्हायलं," सुभेदार म्हणाले.

"काय राहिलं?"

"तितं मी हसलो हुतो. त्येनं ते बायकूला सांगितलं नसंल असं हुनार न्हाई, आन् तिनं लिव्हलं नसंल असंबी हुनार न्हाई. वाचा."

मी वाचलं. दातांसकट. खाली भाजीवाला ओरडत गेला.

"का हसलात?" मी विचारलं.

"आवं, आदल्या दिवसापास्नं त्येचा फोन बंद. वाटंत काय झालं, त्या धसक्यानं पोरानं जिवाचं काय केलं, आमी दोघं येडी व्हायची येळ आल्ती. आन् एकदम समोर. जित्ता. डोस्कं भादरून, लहान असताना जावळ काडल्यावर दिसायचा तसाच. हसू फुटलं मला. जीव भांड्यात पडला म्हनून हसलो ओ मी." त्यांचा आवाज चिरकला. "पर त्येला काय दिसलं? बाप मेला म्हनून त्यो आर्धी दुनिया वलांडून आला, आन् बाप दात काडतोय."

"मग हे त्याला सांगायचं ना!"

"टॅक्सी वळली हुती. आन् नंतर म्हनलं, त्यो करंल फोन. त्यो म्हनला असंल, त्ये करतील. आसं करत करत सात वरसं."

मला त्यांची कीव आली आणि त्याच दमात संतापही आला. एवढं पाणी डोळ्यात, आणि समोर ठेवलेलं भांडं पुन्हा तसंच, न शिवलेलं. हिरवी बाटली मात्र उघडली होती. माझा तोल गेला, आणि तोल गेला की माझं विश्रामबागेतलं मराठी पळून जातं.

"सुभेदार, एक इचारू? माजं वाचलेलं चालतंय, माजा सोफा चालतोय. मग आमी धनगरं म्हनून आमच्या घरचं पानी तेवढं चालत न्हाई व्हय?"

ते दचकले. खरोखर दचकले, बाटलीतलं पाणी मांडीवर सांडलं.

"न्हाई ओ म्याडम! आईशपत न्हाई. आवं, फौजेत आमी एका मगमधनं सात जातींची पोरं च्या प्यायचो." ते उठून उभेच राहिले. "माजं पोरगं माज्या दारातनं पानी न पिता गेलं. त्या दिसापास्नं मी दुसऱ्या कुनाच्या दारात पानी पीत न्हाई. वरतच म्हना की. त्यो माज्या घरी पिईल, तवा मी. लग्नाकार्यातबी बाटली घिऊन जातो. लोकं हसत्यात. आमच्या साळूबाई तर म्हनत्यात, म्हातारं येडं हाय. पर तुमच्या मनात असलं काय आलं, हे माज्या ध्यानातबी आलं न्हाई. माफ करा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी त्यांनी मागावी आणि चूक माझी! मीसुद्धा तेच केलं होतं जे वीरधवलनं केलं होतं: समोरच्यानं काही सांगायच्या आत त्याच्या वागण्याचा अर्थ लावून टाकला आणि मनातल्या मनात त्याला दाराबाहेर काढलं. मी तसं त्यांना म्हणालेही. ते म्हणाले, "तुमी निदान इचारलं तरी."

पुढच्या आठवड्यात मी रोज रात्रीच्या जेवणानंतर त्या पुस्तकाकडे बघायची आणि हात आवरायची. शेवट वाचून ठेवावा का? शेवटी सुनेनं यांना खड्ड्यात घातलं असलं तर निदान कसं सांगायचं याची तयारी होईल. पण मग वाटायचं, तयारी केली की मी गाळणार. गेल्या वेळी एका ओळीपुरता वेळ मिळाला तर गाळलंच होतं. म्हणून पुस्तक कपाटात ठेवलं आणि वर कपड्यांची चळत ठेवली.

तिसऱ्या गुरुवारी सुभेदार आले तेव्हा इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट. निकालाला आल्यासारखे. "संपवायचं आज," म्हणाले.

मी वाचू लागले. नवरा परत येतो. टक्कल पाहून सगळे समजतात, हा बापाला पोचवून आला. शेजारी येतात, कारखान्यातले येतात, खांद्यावर हात ठेवतात. आणि तो काही बोलत नाही. बाप जिवंत आहे हे तो बायकोलासुद्धा सांगत नाही; फाटकापाशी काय झालं ते तिला कितीतरी नंतर कळलं.

सुभेदारांनी डोळे मिटले. "म्हंजी तितं मी मेलेलोच हाय."

"पुढं ऐका."

पुढं बायकोची आई येते, ओल्तेनियातल्या एका खेड्यात राहणारी वेता नावाची म्हातारी. त्या भागात माणूस गेलं की त्याच्या नावानं चाळीस दिवस पाणी वाहतात. रोज विहिरीवरून बादली भरायची आणि गावातल्या एखाद्या घरी नेऊन ओतायची. त्या घरी जे पाणी पितात ते मेलेल्याला पोचतं, तहान भागते. मुलीचा फोन आला त्याच दिवशी वेतानं बादली उचलली. मुलगी म्हणाली, 'आई, तू तर त्यांना पाहिलेलंसुद्धा नाहीस. त्यांच्याकडे त्यांचे विधी असतील.' वेता म्हणाली, 'असतील. पण तो देश उन्हाचा आहे. घोटभर जास्त गेलं तर काय बिघडलं?'

मी वर पाहिलं. सुभेदारांनी डोळे उघडले नाहीत.

'रोज ती शेजारच्या विधवेच्या घरी बादली ओतायची आणि म्हणायची, हे लालासाहेबाला पोचो. नाव तिला नीट म्हणता यायचं नाही. काठीवर रोज एक खाच पाडायची. पाणी वाहून झालं तेव्हा ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, आता त्याच्या नावानं कुणाला तरी बूट द्यायचे, तुझ्या बापाचा नंबर काय? मी नवऱ्याकडे पाहत होते. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं. मग तो म्हणाला, नऊ.'

सुभेदारांनी डोळे उघडले आणि खाली आपल्या बुटांकडं पाहिलं. "नऊच," ते म्हणाले.

दिवाळी येते. नवरा आईशी फोनवर बोलत असताना पलीकडून एक पुरुष मोठ्यानं खोकतो आणि चहा मागतो. बायको विचारते, कोण? तो म्हणतो, माझे वडील. ती विचारते, ज्यांच्यासाठी आईनं पाणी वाहिलं ते? तो म्हणतो, 'हो. मी त्यांच्यासाठी पोटभर रडलो होतो. एकदा रडून झाल्यावर माणसाला परत जिवंत कसं करायचं ते मला जमलं नाही.'

आता थोडीच पानं राहिली होती. माझा घसा कोरडा पडला, पण या माणसापुढं पाणी प्यायची मला चोरी वाटली. तसंच वाचत राहिले. इलिंका घाबरत घाबरत गावी जाते आणि आईला खरं सांगते: कावळा, खोटी बातमी, सगळं. तिला वाटतं, आई चिडेल, देवाची थट्टा केली म्हणेल. वेता चुलीवरचं भांडं उतरवते, हात पुसते, विचार करते.

शेवटचं पान मी सावकाश वाचलं. 'आई म्हणाली, आपल्याकडेही म्हातारी माणसं जिवंतपणीच आपल्या मरणाचं जेवण घालून घेतात आणि मग निवांत होतात. त्याचं आमच्या हातून होऊन गेलं, एवढंच. बूट पलीकडच्या जगात वाट बघत राहतील, त्याला सांग, घाई नाही. मग ती उठली, बादली खुंटीला अडकवली आणि म्हणाली, मी आयुष्यभर मेलेल्यांसाठी पाणी वाहिलं. आईसाठी, नवऱ्यासाठी, एका पोरासाठी. पोचलं की नाही ते एकानंही कधी येऊन सांगितलं नाही. हा तर जिवंत आहे. याला विचारा की.'

संपलं. मी पुस्तक मिटलं. मला रडू आलं होतं आणि ते मी लपवलं नाही.

सुभेदारांनी आपली हिरवी बाटली उचलली, झाकण घट्ट लावलं आणि सोफ्याखाली सरकवून दिली.

"म्याडम, पानी द्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "अहो, पण तुमचं व्रत..."

"कसलं वरत? ते कवाच मोडलंय." त्यांनी दोन्ही हातांनी मिशा पुसल्या. "मी हितं बाटली घिऊन ताठ मानेनं हिंडतोय, आन् तिकडं ती माऊली माज्या नावानं बादल्या वाहतीया. चाळीस दिवस मी तिच्या दारचं पानी प्यालोय, मलाच ठावं न्हवतं. द्या पानी."

मी तांब्या आणला. भांडं त्यांनी घेतलंच नाही. तांब्या वर धरून, मान मागं टाकून ते गटागटा प्यायले, सदऱ्यावर सांडेपर्यंत. मग तांब्या खाली ठेवला.

"सुनंचा नंबर हाय तुमच्याकडं?"

मी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. इलिंकानं उचलला. मी माझी ओळख सांगितली आणि म्हणाले, माझ्याजवळ लालासाहेब बसलेत, त्यांना बोलायचंय. पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला.

"काय सांगू तिला?" मी त्यांना विचारलं.

"म्हनावं, आईला सांग, पानी पोचलं." ते फोनकडं वाकून मराठीतच बोलत होते. "समदं पोचलं. बूटबी पोचलं. बराबर बसत्यात म्हनावं."

मी रोमानियनमध्ये सांगितलं. एवढ्या वर्षांत मी केलेला हा सगळ्यात छोटा अनुवाद, आणि त्यात माझा आवाज दोनदा फाटला. इलिंका कुणाला तरी हाक मारत चालत गेल्याचं ऐकू आलं, एक दार उघडलं, आणि मग फोनवर दुसरा श्वास आला. कुणी काही न बोलता मला कळलं, हा वीरधवल.

सुभेदारांनाही कळलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. सात वर्षं साठवलेलं बोलायचं होतं. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या, आता तरी गप्प बसू नकोस.

"वीरू," ते म्हणाले. "तुला बघून जीव भांड्यात पडला, म्हनून हसलो हुतो रं. दुसरं काय न्हवतं."

मी फोनच्या पडद्याकडं पाहिलं, कॉल चालू होता.

"केस आलं का रं परत?" सुभेदारांनी विचारलं.

पलीकडून उत्तर आलं. "आलं, आबा. पांढरं आलं."

सुभेदारांनी फोन उचलून कानाशी धरला. मी रिकामा तांब्या घेतला आणि भरून आणायला आत गेले.